फसफसणारं पेय भरताय? बाटली निवडताना या चुका टाळा

घरी केलेल्या पेयाची बाटली फुटली की खापर फुटतं ते यीस्टवर (साखर खाऊन गॅस करणारं खमीर), नाहीतर जास्त पडलेल्या साखरेवर. बाटलीकडे कुणी बघत नाही. खरं तर निम्मा घोळ बाटली उचलतानाच झालेला असतो. घरात काचेच्या बाटल्या पडून असतात, सॉसच्या, सरबताच्या, मधाच्या. त्यातली दिसायला जाडजूड असेल ती आपण घेतो. पण बाटली जाड आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती मुळात कशासाठी बनवली होती, हे विचारा. आत गॅस असलेलं पेय विकायला बनवलेली बाटली चालते, बाकीच्या चालत नाहीत.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती घरच्या घरी केली तरी. ब्रिटनमध्ये 1963 पासून आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्यानंतर घरगुती बीअरला मोकळीक मिळाली, म्हणून तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळी ती बिनधास्त करतात. मुंबईत लोक घरी करतात ती आल्याची जिंजर बीअर आणि कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा. बाटलीचं गणित दोन्हीकडे एकच, पण एक फरक आहे आणि तो इथल्या लोकांच्या जिवावर बेतू शकतो.

बीअर आधी पूर्ण आंबवतात. साखर संपली, हायड्रोमीटरचा (पेयात साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी) आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, की मग लिटरमागे 6-7 ग्रॅम साखर मोजून घालतात आणि बाटल्या भरतात. तेवढ्या साखरेचा जो गॅस होतो त्याने 20 अंशाला बाटलीत साधारण 30 पीएसआय दाब येतो, म्हणजे गाडीच्या टायरमध्ये असतो तेवढा. जिंजर बीअर मात्र गोड असतानाच भरतात. लिटरला 100 ग्रॅम साखर घातली असेल आणि दोन दिवसांत बाटलीबंद केली, तर बहुतेक साखर आतच आहे आणि यीस्ट जागं आहे. शॅम्पेनला लिटरमागे 24 ग्रॅमच्या आसपास साखर देतात आणि त्यातून सुमारे सहा वातावरणांचा, म्हणजे जवळपास 90 पीएसआय दाब होतो. त्यासाठी ती बाटली एवढी जड आणि बुडाला आत वळलेली असते. आता 100 ग्रॅमचा हिशोब तुम्हीच करा. ते सगळं आंबलं तर पेलणारी काचेची बाटली बाजारात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जिंजर बीअर पहिल्यांदा करत असाल तर काचेच्या नादी लागूच नका. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिचं बूड पाहा, पाच पाकळ्यांसारखे पाय असतात. ती रचना दाबासाठीच आहे. पाण्याच्या बाटलीचं बूड साधं आणि अंग पातळ असतं, ती इथे बाद. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा सर्वात मोठा फायदा म्हणजे ती बोलते. भरताना दाबली की पिचकते. रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघा. न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक झाली की त्याच दिवशी फ्रिजमध्ये. बूड फुगून बाटली डुलायला लागली तर आधीच उशीर झालाय. झाकण हळूहळू सैल करून गॅस सोडा आणि मगच थंड करायला ठेवा. जिंजर बीअर जास्त दिवस बाहेर राहिली तर तिच्यात मद्यही वाढत जातं, त्यामुळे वेळेवर थंड करण्याला दुसरंही कारण आहे. प्लॅस्टिकचे तोटेही आहेत. त्यातून ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो, म्हणून पेय काही आठवड्यांत संपवायचं. आणि उकळतं पाणी घालून ती धुवायची नाही, आकसून वाकडी होते.

काचेचंच मन असेल तर बीअरची तपकिरी बाटली. भंगारवाल्याकडे 650 मिलीच्या बाटल्या हव्या तितक्या मिळतात, पण इथेच डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे ही बाटली एकदा भरून फेकत नाहीत. ती कारखान्यात परत जाते, धुतली जाते, पुन्हा भरली जाते, असे कितीतरी फेरे होतात. क्रेटमध्ये एकमेकींवर घासून खांद्याजवळ आणि बुडाशी पांढुरका पट्टा उठतो. पट्टा जितका रुंद आणि खरखरीत तितकी बाटली म्हातारी. काच तुटते ती अशा ओरखड्यांपासूनच. बाटली ट्यूबलाइटसमोर आडवी धरून फिरवा, केसासारखी रेघ चमकली तर बाजूला. मग नख तोंडाच्या कडेवरून गोल फिरवा. कुठे अडकलं, टवका जाणवला, तर झाकण बसेल पण गॅस राहणार नाही. दहा बाटल्यांतल्या तीन-चार अशा नाकारल्या तर वाईट वाटून घेऊ नका, भंगारवाला घेतोच परत.

तपकिरी रंगाचं कारण बीअरपुरतं आहे. हॉप्समधले (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू घटक उजेडात तुटतात आणि पेयाला उग्र, नकोसा वास येतो. हिरवी आणि पांढरी काच तो उजेड अडवत नाही. कोम्बुचात हॉप्स नसतात, तिथे रंगाची एवढी फिकीर नको.

झाकणाचं माप हाही घोटाळ्याचा विषय. आपल्याकडच्या बाटल्यांना 26 मिलिमीटरचं क्राऊन झाकण, म्हणजे दातेरी कडेचं पत्र्याचं झाकण, लागतं. काही युरोपीय आणि शॅम्पेनच्या बाटल्या 29 च्या असतात. पार्टीनंतर जमवलेल्या परदेशी बाटल्यांवर आपलं झाकण बसत नाही आणि माणूस झाकण बसवायच्या यंत्राला शिव्या देतो. पिळून उघडायच्या बाटल्यांच्या तोंडाला आटे असतात, त्यांवर साधं झाकण नीट धरत नाही, त्याही नकोत. व्हिस्कीची, वाइनची, सॉसची आणि काचेची दुधाची बाटली या सगळ्या दाबाशिवायच्या पेयांसाठी आहेत. विशेषतः चौकोनी व्हिस्कीची बाटली. सपाट बाजूवर दाब एकसारखा पसरत नाही, कोपऱ्यांवर ताण येतो, आणि फुटते ती तिथेच.

तारेच्या कडीच्या, चिनी मातीच्या बुचाच्या बाटल्यांचं सध्या फॅड आहे. मस्जिद बंदर-क्रॉफर्ड मार्केटच्या पट्ट्यात आणि ऑनलाइन ढिगाने मिळतात. त्यांतल्या बऱ्याच तेल-सरबत ठेवायच्या, शोभेच्या. ओळखायचं कसं? चौकोनी असेल तर नाहीच. गोल असली तरी हातात घेऊन वजन बघा आणि दुकानदाराला सरळ विचारा, 'दादा, ही गॅसच्या पेयाला चालेल का?' तो 'सगळ्याला चालते' म्हणाला तर समजून जा. रबराची चकती दरवर्षी बदला, मुंबईच्या दमट हवेत ती लवकर चिवट होते.

गोटी सोड्याच्या बाटलीबद्दल हमखास विचारलं जातं. बाटली मजबूत आहे, हायरम कॉडने 1870 च्या दशकात ती सोड्यासाठीच घडवली. पण तिची गोटी तोंडाला चिकटते ती आतल्या दाबाने. कारखान्यात गॅस यंत्राने भरतात, म्हणून ती लगेच बसते. आपल्या पेयात गॅस हळूहळू तयार होतो, तोवर तोंड उघडंच. शिवाय त्या चिमटलेल्या मानेतून ब्रश जाणार कसा? शोभेला ठेवा. स्टीलची बाटली आणि थर्मास तर मुळीच नको, आत काय चाललंय ते दिसतही नाही आणि दाबून कळतही नाही.

आता मुंबईचा उकाडा. पुस्तकांतले आणि व्हिडिओतले दिवस बहुधा 20 अंशांच्या हिशोबाने दिलेले असतात. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात 32 सहज असतं. तिथे दोन आठवड्यांचं काम आठवड्याच्या आत होतं, आणि तेवढ्याच गॅसचा दाबही जास्त पडतो, कारण गरम पेयात गॅस विरघळून राहत नाही. 20 ला 30 पीएसआय दाखवणारी बाटली 30 ला 40 च्या घरात जाते. त्यामुळे पोटमाळा, फ्रिजच्या मागची जागा आणि उन्हाची खिडकी वर्ज्य. सिंकखालचं कपाट बरं, आणि बाटल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा. एक फुटली तर काचा आतच राहतील.

एक बाटली फुटली किंवा उघडताना कारंजं उडालं, तर बाकीच्यांना लगेच हात घालू नका. चष्मा लावा, जाड टॉवेल गुंडाळा आणि एकेक उचलून फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत दाब उतरतो आणि यीस्ट मंदावतं. पूर्ण थंड झाल्यावरच सिंकमध्ये धरून उघडा. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही, बर्फ झाला की काच फुटलीच. एकच बाटली उसळली तर ती नीट धुतली गेली नव्हती, आत जंतू राहिले. सगळ्याच उसळल्या तर साखर जास्त किंवा भरायची घाई.

भरताना मानेत तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. धुताना भांड्यांचा साबण नको, त्याचा अंश राहिला की फेस टिकत नाही. धुण्याचा सोडा आणि ब्रश पुरे. टँकरच्या पाण्याने आत पांढरा थर चढला असेल तर व्हिनेगर फिरवा. पावसाळ्यात क्राऊन झाकणं हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर कडेला गंज धरतो.

आणि पेय सपकच राहिलं तर साखर वाढवायच्या आधी झाकण तपासा. भरलेली बाटली पाण्याच्या बादलीत उभीच झाकणासकट पूर्ण बुडवा आणि मिनिटभर थांबा. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले तर गॅस तिथूनच जातोय.