सड्यावर पीएचडी करताय? मग या चुका टाळा

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, पाली-बेडकांचं काम घेतलंत की पहिली गल्लत होते ती नमुने मोजण्यात. एका सड्यावर ३० चौकटी (मोजणीसाठी आखलेले ठरावीक मापाचे तुकडे), शेजारच्या आंब्याच्या बागेत ३०, आणि प्रबंधात ऐटीत लिहायचं: नमुने ६०. प्रत्यक्षात नमुने दोनच. एक सडा, एक बाग. पालींच्या संख्येत फरक दिसला, तरी तो बागेमुळे, की तिथल्या उतारामुळे, की गेल्या वर्षीच्या वणव्यामुळे, हे त्या ६० चौकटी सांगूच शकत नाहीत. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४मध्ये या चुकीला 'सूडोरेप्लिकेशन', म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव दिलं. तरी अजून कुणी ना कुणी तिच्यात सापडतंच.

त्याच ६० चौकटी सहा सडे आणि सहा बागांत पाच-पाच वाटा. पेट्रोल जास्त जळेल, जळू दे. विश्लेषणात प्रत्येक जागा 'रँडम इफेक्ट' म्हणून धरा, म्हणजे एकाच जागेवरच्या चौकटी एकमेकींसारख्या असतात हे गणितात धरलं जातं. काम आधीच एका जागी उरकलं असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवणार नाही. दावा लहान करा, 'या सड्यावर' एवढंच म्हणा.

दगड उलटून पाल शोधलीत तर तो होता तसाच परत ठेवा. खालचा गारवा गेला की पुढच्या फेरीत पाली कमी दिसतात आणि आपण त्याला ऋतुबदल समजतो! काहीच सापडलं नाही तर पान कोरं सोडू नका. शून्य लिहा, सोबत वेळ, पाऊस, किती जण शोधत होते तेही. पेन्सिलनेच, कारण शाई पहिल्या सरीतच पसरते.

अभयारण्यात काम असेल किंवा अनुसूचीतला प्राणी पकडायचा असेल, तर १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अर्ज मेमध्ये करून भागत नाही. सडा जागा होतो जून ते सप्टेंबर. कागद ऑक्टोबरात हाती आला तर अख्खं वर्ष गेलं. खासगी सड्यावर मालकाला आधी विचारा.

आणि जीपीएस. देवगडजवळची जागा १६ अंश २२ मिनिटं उत्तर, ७३ अंश २३ मिनिटं पूर्व. घाईत कुणी १६.२२ आणि ७३.२३ असं टंकलं (खरे दशांश १६.३७ आणि ७३.३८), की नकाशावर तुमची पाल थेट अरबी समुद्रात. यंत्र पहिल्याच दिवशी दशांशावर लावून ठेवा.