दसऱ्यापासून भोगीपर्यंत: नाशिकच्या गच्चीवरची कामं

सणाला घरचीच फुलं-पानं हवी असतील तर सणाच्या तारखेवरून उलटं मोजत यावं लागतं. तारीख दरवर्षी हलते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे २० ऑक्टोबरला. म्हणून आधी दिनदर्शिका उघडा, मगच बियाण्याची पुडी.

झेंडू

मोठ्या फुलाच्या झेंडूला बी टाकल्यापासून फुलायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. दसऱ्याच्या ७० दिवस आधी ट्रेमध्ये बी पेरा आणि ट्रे पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवा. आठवड्याच्या आत बी उगवतं. रोपाला चार-पाच पानं आली की दहा-बारा इंची कुंडीत हलवा. आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नका: पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात भेगा पडतात. काळी माती, जाड रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागांत मिसळा, वर मूठभर निंबोळी पेंड. रोप रुजल्यावर शेंडा एकदा खुडला की फांद्या फुटतात, मात्र फुलं आठ-दहा दिवस लांबतात. तेवढे दिवस हिशेबात धरा. दिवाळीसाठी दुसरी खेप अठरा-वीस दिवसांनी पेरा.

तुळस

तुळशीचं लग्न कार्तिकात, पण तयारी पितृपक्षातच सुरू होते. मंजिऱ्या धरू लागल्या की झाडाचा जोर बियांत जातो आणि पानं बारीक होतात. सगळ्या मंजिऱ्या खुडा, वरची माती हलकी उकरून शेणखत घाला. दीड महिन्यात वृंदावन भरून येतं. थोड्या मंजिऱ्या वाळवून बी ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

गुलाबाची छाटणी

ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांत गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, घाई असते, तेव्हाच घरच्या गुलाबावरही कात्री चालवायची. पाऊस पूर्ण थांबू द्या. सुकलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. उरलेल्या अर्ध्यापर्यंत छाटा, पण कलम गुलाब असेल तर जोडाच्या खालून येणारा फुटवा ठेवू नका. काप तिरका घ्या, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) थोडा वर. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, द्राक्षाच्या गावात ती कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. साधारण ४५ दिवसांत फुलं येतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलं तर मार्गशीर्षाच्या आसपास. धुकं आणि दव सुरू झालं की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन सकाळी फवारा.

शेवंती

या मोसमात एकच झाड लावायचं झालं तर मी शेवंती सांगेन. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशाला घरची शेवंती वाहता येते, ही फार मोठी गोष्ट आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला काश्या (बुडातून फुटलेली रोपं) किंवा फाटे (फांदीचे तुकडे) लावा, ऑगस्टअखेरपर्यंत दोन-तीनदा शेंडे खुडा, नंतर खुडणं बंद. यापुढे पाण्यापेक्षा अंधाराकडे लक्ष द्या. शेवंती रात्र मोठी झाल्यावरच कळ्या धरते. रात्री मध्येच उजेड पडला तर ती रात्र तिच्या लेखी लहानच राहते. गॅलरीत रात्रभर दिवा असेल, किंवा रस्त्यावरचा खांब थेट कुंडीवर उजेड टाकत असेल, तर झाड हिरवंगार राहतं आणि कळी मात्र दिसत नाही. अशा वेळी खत वाढवून काही होत नाही. सप्टेंबरपासून कळ्या दिसेपर्यंत कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात न्या, दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन हवं. नाताळला दिसणारी लाल पानांची पॉइन्सेटियाही याच नियमाने रंगते, सलग चौदा तास अंधार मिळाला की. शेवंतीची फुलं संपल्यावर झाड जमिनीलगत छाटा, बुडातून नव्या काश्या येतात.

भोगीचा हरभरा

भोगीच्या भाजीसाठी घरचे सोलाणे हवेत तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुंद ट्रेमध्ये हरभरा पेरा. महिन्याने शेंडे खुडून भाजी करा, त्याने झाड पसरतं. पाणी अगदी बेताचं द्या, हरभरा कमी पाण्याचा आणि थंडीचा आहे. पानांना आंब, म्हणजे आंबट ओलावा, असते, खुडून झाल्यावर हात धुवा. गाजर आणि वाल सोबत लावता येतात, गाजराला मात्र खोल कुंडी हवी.

डिसेंबर-जानेवारीची थंडी

निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. शहरात इतकं होत नसलं तरी गच्चीवर तुळस काळवंडते. रात्री जुन्या पातळ साडीने झाका, सकाळी ऊन आलं की काढा, म्हणजे दव आत कोंडत नाही. गच्चीच्या टाकीचं पाणी पहाटे फार थंड असतं. ते नऊच्या पुढे, फक्त मुळाशी घाला. संध्याकाळी पाणी देऊ नका. बोटाने दोन इंच माती चाचपा, ओली लागली तर त्या दिवशी पाणी नको.