शाळा भरायच्या आधीचे पंधरा दिवस

पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यात भरतात, आपल्या विदर्भातल्या मात्र उन्हापायी जूनच्या शेवटाकडे. हे जास्तीचे दिवस आपण बहुधा कूलरसमोर लोळून घालवतो. यंदा मुलांना पायी नाहीतर सायकलने शाळेत पाठवायचं मनात असेल, तर ते कामी लावा. मागच्या वर्षी मी लेकीसाठी लावले. ती पाचवीत गेली होती, शाळा घरापासून दीड किलोमीटर. तिची तयारी करून घ्यायची म्हणून निघाले आणि निम्मी माझीच झाली.

पहिलं काम रस्त्याचं. तो मोबाईलवर नका बघू, पायांनी बघा, आणि शाळेच्याच वेळेला बघा. रविवारी पहाटे सगळ्याच रस्त्यांवर शांतता असते. शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 नंतर भरवायला सांगितल्या. पोरांची झोप झाली हे छान, पण ही वेळ नेमकी ऑफिसच्या गर्दीची.

आमच्या लेआऊटच्या तोंडाशी पानठेला आहे आणि त्याला चिकटून दोन कार कायम उभ्या. मला उभ्याने पलीकडचा रस्ता साफ दिसतो. लेकीला काय दिसत असेल म्हणून तिच्या उंचीइतकी खाली वाकले, तर समोर नुसतं धुळीने माखलेलं बोनेट. रस्ता नाहीच. पानठेलेवाले भाऊ विचारतात, "काय शोधून राहिले ताई, काही पडलं का?" त्या दिवसापासून आम्ही तिथे रस्ता ओलांडणं सोडलं. तीस-चाळीस पावलं पुढे, जिथे गाड्या उभ्या नसतात, तिथून ओलांडतो. मिनिटभर जास्त लागतं, लागू दे.

मग रस्ता ओलांडायच्या जागा मोजा. आमच्या पाच निघाल्या, त्यातला एक सिग्नलचा चौक. सिग्नलवर पोरांना एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते: गाड्यांचा दिवा लाल झाला तरी डावीकडे वळणारा लेफ्ट फ्रीवाला थांबत नसतो. त्यामुळे आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे, आणि शिवाय वळणाऱ्या गाडीकडे. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून गाड्या सुसाट येतात. साधारण दहा वर्षांच्या आतल्या मुलाला समोरची गाडी किती वेगात येतेय याचा अंदाज नीट येत नाही. यात पोर हुशार की बावळट हा प्रश्नच नाही, ते वयच तसं. म्हणून चौथीपर्यंत सोबत मोठं माणूस हवंच.

फूटपाथ नसेल, किंवा गट्टू लावलेल्या फूटपाथवर स्कूटरी उभ्या असतील, तर पायी जाताना रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे येणाऱ्या गाड्या तोंडासमोर दिसतील असं चालायचं. सायकल मात्र नेहमी डावीकडून, गाड्यांच्या दिशेने. मुलं यात हमखास गोंधळतात, तेव्हा सांगून सोडू नका, चालवून दाखवा. वाटेत नालीवरची फुटकी झाकणंही आत्ताच दाखवून ठेवा, पाऊस पडल्यावर ती पाण्याखाली जातात.

आता सायकल. कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, सायकल घेऊ नये. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. उन्हाळाभर टिनाच्या शेडखाली उभी राहिलेली सायकल तशीच बाहेर काढू नका. टायरला भेगा पडतात आणि ब्रेकचे रबर दगडासारखे कडक होतात. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. चाक फिरलं, तर थेट सायकलवाल्याकडे. हवा, चेनचं तेल, घंटी, मागचा लाल आणि पुढचा पांढरा रिफ्लेक्टर हे तिथेच उरकून घ्या. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसावं आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं. ऊन म्हणून बांधलेल्या दुपट्ट्याची टोकं खोचलेली हवीत, मोकळं टोक चाकात जायला क्षण पुरतो.

दप्तर आधी वजनकाट्यावर ठेवा. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं असा नियम आहे, म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन किलो. आमचं भरलं सव्वापाच! त्यात मागच्या वर्षीची चित्रकलेची वही आणि तीन रिकामे डबे निघाले. सायकलवर दप्तर कॅरिअरला पट्ट्याने आवळायचं, हँडलला अडकवायचं नाही.

रिकाम्या मैदानावर दोन परीक्षा घ्या. एक हात सोडून वळण्याची खूण करता येते का, आणि उजव्या खांद्यावरून मागे बघताना सायकल डुगडुगते का. दोन्ही जमेपर्यंत मोठ्या रस्त्यावर सायकल नाही. लेक रुसली होती, आठ दिवस रुसू दिलं. आणि नववीतल्या पोट्ट्याला शिकवणीसाठी मोपेडची किल्ली देणाऱ्यांना मी आता स्पष्टच बोलते. अल्पवयीनाने गाडी चालवली, तर कायद्याने पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

सोबत जमवा. जपानमध्ये लहान मुलं गटाने शाळेत चालत जातात, पहिलीतली पिवळी टोपी घालतात. आम्ही टोप्यांपर्यंत पोचलो नाही, पण गल्लीतल्या तीन घरांनी वार वाटून घेतले. एक मोठा पुढे, जमलं तर एक मागे. वाटेवरच्या किराणावाल्या काकांना आणि पानठेल्यावर सांगून ठेवलं. काही झालं तर पोरं तिथे थांबतील. मोकाट कुत्र्यांसाठी नियम: पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हळू चालत राहायचं. चावलं किंवा ओरखडलं, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. घाबरून लपवायचं नाही, हे वेगळं सांगा.

एकटं सोडणं पायरीपायरीने. पहिला आठवडा बाजूने, दुसरा वीस पावलं मागून, तिसऱ्यात फक्त सिग्नलपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात लेक मागे वळून बघायची आणि मी विजेच्या खांबाआड जायची. गल्लीत त्यावर अजून हसतात. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, सकाळपाळीवाल्यांनी तेव्हा फिक्या रंगाचं स्वेटर आणि सायकलला दिवा ठेवावा.

पावसाळ्यात छत्री नको. पोरं ती वाऱ्यापुढे धरतात आणि समोरचं काहीच दिसत नाही. रेनकोट द्या, पिवळा किंवा केशरी. सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्रीच्या पावसाने नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम: पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर मागे फिरायचं, शाळा बुडली तरी चालेल. म्हणून व्हॅनवाल्या भाऊंना जूनमध्येच कायमचं नाही म्हणू नका. झड लागली की दोन-तीन दिवस सुटत नाही. तेवढ्या दिवसांपुरतं नेशील का, हे आत्ताच विचारून ठेवा. आमचे भाऊ कुरकुरले, पण हो म्हणाले.