जेझुइट विद्यापीठातलं नेतृत्व-प्रशिक्षण: पद सोपं, वही अवघड

अमेरिकेत जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची, 27 महाविद्यालयं आणि विद्यापीठं आहेत. 1789 सालचं जॉर्जटाउन सगळ्यांत जुनं. फोर्डम, बॉस्टन कॉलेज, सांता क्लारा, लोयोला शिकागो ही नावंही आपल्याकडच्या मुलांच्या कानावरून गेलेली असतात. ऑगस्टच्या शेवटी सत्र सुरू झालं की लीडरशिप प्रोग्रॅमचे ई-मेल यायला लागतात. बायोडेटात एक ओळ वाढेल म्हणून बरेच जण नाव देतात आणि दिवाळीपर्यंत गळतात. काम झेपत नाही असं क्वचितच होतं. काम झाल्यावर वहीत जे पानभर लिहून द्यावं लागतं, तिथे गाडी अडते.

हे पान कशाला, ते समजून घ्या. 1973 मध्ये व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांसमोर बोलताना जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी सांगितलं की, आपल्या शिक्षणातून दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडली पाहिजेत. या विद्यापीठांतले नेतृत्वाचे कार्यक्रम आजही त्याच वाक्याभोवती फिरतात. पद्धत मात्र त्याहून खूप जुनी, संघाचे संस्थापक, सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलांची. तिला एक्झामेन म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं आणि पाच पायऱ्या: मिळालं त्याबद्दल आभार, स्वच्छ दिसावं अशी मागणी, दिवस क्रमाने आठवणं, चुकलं ते कबूल करणं, उद्यासाठी एक गोष्ट ठरवणं. देव मानत नसलात तरी करता येतं. बहुतेक गटांत दुसरी पायरी नुसत्या शांततेत जाते.

आपली पंचाईत अशी की, आपल्याला एनएसएसच्या शिबिराचा अहवाल लिहायची सवय. 'आज 40 जणांना जेवण वाढले. सर्वांनी सहकार्य केले. उपक्रम यशस्वी झाला.' असं लिहिलंत की वही शेरा मारून परत येते. मार्गदर्शकाला हवं असतं ते असं काहीतरी: 'एकाने दुसऱ्यांदा ताट मागितलं. मी नियम सांगून नाही म्हटलं. शेवटी डाळ उरली आणि फेकली. नियम पाळला, की वाद नको म्हणून नियमाआड लपले? पुढच्या वेळी वाढायला उभं राहण्याआधी किती सूट आहे ते विचारीन.' एकच प्रसंग, त्यातली स्वतःची एक कृती, एक प्रश्न, एक बदल. दीडशे शब्दही पुरतात. त्याच रात्री लिहा. चार दिवसांनी लिहायला बसलात की पुन्हा अहवालच उतरतो.

धर्माची धास्ती अनेकांच्या घरून येते. असे कार्यक्रम साधारणपणे सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले असतात आणि प्रार्थनेला बसायची सक्ती नसते. जॉर्जटाउनमध्ये तर हिंदू विद्यार्थ्यांसाठी 'धर्मालय' नावाची जागा आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशा रिट्रीटला, म्हणजे चिंतनाच्या मुक्कामी शिबिराला, जाणार असाल तर घरी आधी कळवून ठेवा, कारण तिथे फोन बाजूला ठेवायला सांगतात आणि इकडे आई काळजीत पडते.

पगारी पदांबाबत हिशेब चोख हवा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमधलं काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच, आणि ही मर्यादा सगळ्या कामांना मिळून. ग्रंथालयात 15 तास आणि नवागतांचा मेंटर म्हणून 8 तास म्हणजे 23, थेट नियमभंग. दोन विभाग एकमेकांना विचारत नाहीत. बेरीज तुम्हीच करायची. वसतिगृहात आरए (रेसिडेंट असिस्टंट, मजल्यावरच्या मुलांची देखरेख करणारा विद्यार्थी) झालात की मोबदल्यात खोली आणि बऱ्याचदा जेवण मिळतं. त्याचे तास कसे धरायचे, हे सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या. पुढच्या वर्षीच्या आरएचे अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच निघतात, एप्रिलमध्ये जागे होऊन उपयोग नाही. क्लबचं बिनपगारी पद या 20 तासांत येत नाही.

सेवादौरा अमेरिकेबाहेर असेल तर तीन गोष्टी पाहा: भारतीय पासपोर्टला त्या देशाचा व्हिसा लागतो का, परतीला अमेरिकेचा व्हिसा वैध आहे का, आय-20 वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर) प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे का. आयोजकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन पासपोर्टवाले असतात. हे त्यांना सुचेलच असं नाही.

मराठी क्लब काढायची हौस पहिल्याच वर्षी येते. क्लबची लेखी घटना, सल्लागार प्राध्यापक, किमान सदस्यसंख्या, नव्या क्लबचा चाचणीचा काळ, एवढं करेपर्यंत सत्र संपतं. त्यापेक्षा भारतीय विद्यार्थी संघटनेत शिरा आणि गणेशोत्सवाची जबाबदारी मागून घ्या. खरी कसोटी तिथेच लागते. गणपती बऱ्याचदा सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत येतो, म्हणून सभागृह आदल्या एप्रिलमध्येच धरावं लागतं. निरांजन, कापूर, उदबत्ती यांना अग्निसुरक्षा विभागाची परवानगी हवी. नाहीतर आरतीच्या मधोमध धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत रस्त्यावर येते. परवानगी नाहीच मिळाली तर बॅटरीचे दिवे लावा, चालतं. प्रसादाचं वेगळं. अनेक कॅम्पसवर जेवण पुरवायचा हक्क एकाच कंत्राटदाराकडे असतो, त्यामुळे घरी केलेले उकडीचे मोदक जाहीर कार्यक्रमात वाटता येत नाहीत. सवलतीचा अर्ज दोन-तीन आठवडे आधी टाका आणि त्यात नारळ, गूळ, तांदूळपिठी, तूप असे सगळे घटक लिहा. सुकामेवा घातलात तर तोही लिहा, ॲलर्जीच्या रकान्यावरच असे अर्ज परत येतात.