घर विकायला काढलंय? दाखवताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतला बंगला असो नाहीतर गावभागातलं जुनं घर, विकायचं म्हटलं की अनोळखी माणसांचा राबता सुरू होतो. एजंटाचा फोन येतो, "काका, पार्टी घेऊन निघालोय, दहा मिनिटांत पोचतो." काकू लगेच चहाचं आधण ठेवतात आणि काका पुढचं-मागचं दार सताड उघडतात.

गोची इथंच होते. आपण गिऱ्हाइकाला पाहुणा समजतो. बहुतेक लोक खरोखर घर घ्यायलाच येतात, त्यात शंका नाही. पण एखादा वेगळ्या हेतूनं आला, तर त्याला कुठली खिडकी ढिली आहे, मागच्या दाराला आतून काय आहे, घरात म्हातारी दोघंच आहेत का, हे सगळं आपणच फिरवून दाखवलेलं असतं. तो त्या दिवशी काही उचलेलच असं नाही. बघून जाईल आणि महिन्यानं येईल.

"दहा मिनिटांत येतो"ला हो म्हणणं

वेळ तुम्ही ठरवा, तीही आदल्या दिवशी आणि उजेडातली. कोण येणार, किती जण, कुठून, हे आधी विचारा. नंबर घ्या आणि त्या नंबरावर स्वतः एकदा बोला. ओळखपत्राचा फोटो मागायला संकोच वाटतो, 'गिऱ्हाईक बिथरेल' अशी भीती असते. लाखांचा व्यवहार करायला निघालेला माणूस एवढ्यानं बिथरत नाही, आणि बिथरलाच तर बरंच झालं म्हणायचं. गाडीचा नंबर तर न विचारताही लिहून ठेवता येतो.

एजंट 'माझ्याकडं रेरा नंबर आहे' म्हणाला, तर तो महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तपासा. मात्र ती नोंदणी नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांतली विक्री करणाऱ्यांना सक्तीची आहे. तुमचं जुनं घर दाखवायला कोण घेऊन येतोय, त्याची हमी त्या नंबरातून मिळत नाही.

भिंतीवर सगळं लिहून ठेवणं

घर दाखवण्याआधी आपण दागिने कपाटात टाकतो आणि निर्धास्त होतो. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मात्र खिळ्यावर तसंच. दुधाचे हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि त्याच चौकटींत निळ्या पेननं 'कोल्हापूर, लग्न', पुढच्या तीन दिवसांवर आडवी रेघ. घर कधी बंद असणार, हे याहून स्पष्ट कुणी कुणाला सांगत नाही. शेजारी किल्ल्यांचा स्टँड, त्यावर चिकटपट्टीनं लिहिलेलं: 'मागचं दार', 'गच्ची', 'कपाट'. फ्रिजवर औषधांच्या वेळा, भिंतीवर शाळेच्या गणवेशातल्या नातीचा फोटो.

हे सगळं उतरवून एका बॅगेत घालून कुलपात ठेवा. वायफायचा पासवर्ड राउटरवर चिकटवला असेल तर तोही काढा. व्हिडिओ काढू द्यायचा असेल, तर हे आवरल्यावर तुम्ही स्वतः काढून पाठवा. एजंटानं काढलेला व्हिडिओ 'मालक वयस्कर, मुलं पुण्यात, घाईत विकायचंय' अशा ओळीसह कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतो, आणि तो परत घेता येत नाही.

पुराच्या गप्पांत वाहून जाणं

सांगलीत घर बघायला आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: "२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?" प्रश्न रास्तच आहे. धोक्याची पातळी ४५ फूट असताना त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पण या प्रश्नावर मालकाची कळी खुलते. भिंतीवरची खूण दाखवून झाली की सामान माळ्यावर कसं चढवलं ते सुरू होतं, त्या ओघात 'दागिने आणि कागद त्या वरच्या कपाटात हलवले' हेही सांगून होतं. मग "चला, गच्चीवरूनच दाखवतो."

जिन्यात पुढं मालक, मागं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या बरोबर आलेली बाई "मला गुडघ्यामुळं जिना चढवत नाही" म्हणून खाली सोफ्यावर. आजी तिच्यासाठी पाणी आणायला आत. आता बाहेरच्या खोलीत ती बाई, टीव्हीपाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि देवघरातली चांदीची निरांजनं, एवढंच उरतं. त्या बाईचे गुडघे खरंच दुखत असतील. तरी ही वेळ येऊच द्यायची नाही.

घरात दोन कर्ती माणसं असल्याशिवाय दाखवू नका. एक जण दाराशी थांबेल, दुसरा बरोबर फिरेल. आलेल्याला पुढं चालू द्या, तुम्ही मागं राहा, म्हणजे त्याचे हात तुम्हाला दिसतात. पाण्याचे ग्लास आधीच ट्रेमध्ये भरून बाहेर ठेवा. गच्ची सगळ्यात शेवटी, आणि जायचं तर सगळ्यांनी. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी शेजारच्यांना हाक मारावी. आपल्याकडं शेजारी नाही म्हणत नाहीत, उलट कोण आलंय ते बघायला आवडीनं येतात.

अस्सल कागद पुढ्यात ठेवणं

पहिल्याच भेटीत खरेदीखताची फाइल काढू नका. मालमत्ता पत्रकाचा उतारा, घरपट्टीची पावती यांच्या झेरॉक्स पुरतात, त्यावर 'फक्त पाहण्यासाठी' असं आडवं लिहा. खरेदीखताच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढू देऊ नका, त्यावर तुमचे अंगठ्यांचे ठसे असतात. दस्तांवरचे ठसे उचलून आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून पैसे काढल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. आपले ठसे कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक असतं, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ॲपमधून फुकट लावता येतं. आधारची प्रत द्यायचीच झाली, तर शेवटचे चार आकडेच दिसतात ते मास्क्ड आधार द्या. अस्सल कागद बँकेच्या लॉकरमध्ये बरे.

माणसं गेली की दार लावून बसणं

गाडी कोपऱ्यावरून वळली की लगेच सगळ्या घरातून एक फेरी मारा. मागचं दार, गच्चीचं दार, संडास-बाथरूमच्या खिडक्या, ग्रीलची कुलपं. वस्तू गेली का, हे बघतानाच एखादी कडी कुणी मुद्दाम सरकवून ठेवली आहे का, तेही बघा.

कडी उघडी सापडली तर: नुसती लावून विसरू नका. त्या दाराला त्याच दिवशी वेगळं कुलूप घाला, शेजाऱ्यांना सांगा, काही रात्री घर मोकळं ठेवू नका.

किल्ली सापडत नसेल तर: शोधत बसण्यापेक्षा लॅचचा सिलिंडर (किल्ली जिथं फिरते तो भाग) बदला, दार बदलावं लागत नाही.

वस्तू गेली असेल तर: काही हलवू नका, ११२ ला फोन करा, लिहून ठेवलेली नावं-नंबर पोलिसांना द्या. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या. कॅमेरे असतील तर त्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) टीव्हीखाली उघड्यावर ठेवण्यात काही अर्थ नाही. चोर जाताना तोच आधी उचलतो.

किल्ली एजंटाकडं देऊन पुण्याला जाणं

रिकाम्या घरांचं हे नेहमीचं. एजंटाकडून किल्ली पोऱ्याकडं, तिथून दुसऱ्या एजंटाकडं, आणि डुप्लिकेट किती झाल्या ते कुणालाच माहीत नाही. किल्ली नातेवाइकाकडं किंवा शेजाऱ्याकडं ठेवा, त्यांनी उघडावं आणि त्यांनीच लावावं. कोण कधी आलं, याची एक वही तिथंच असू द्या. मीटरच्या पेटीत किंवा कुंडीखाली ठेवलेली किल्ली साऱ्या गल्लीला ठाऊक असते.

इसार घेतल्यावर तर हात आणखी सैल होतो. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) झालं की घेणारा म्हणतो, "सुताराला मापं घ्यायचीत, किल्ली द्या की दोन दिवस." मापं जरूर घेऊ द्या, पण तुम्ही किंवा तुमचं माणूस समोर असताना. किल्ली द्यायची ती खरेदीखत नोंदवून, पूर्ण रक्कम खात्यावर आल्यावर, आणि ताबा दिल्याची सही घेऊन.