चॅटबॉटला फाटे फोडताना: आधी एल्सची वाट काढा

चॅटबॉट बनवायचा व्हिज्युअल बिल्डर पहिल्यांदा उघडला की सगळं सोपं वाटतं, डबे ओढायचे, बाण जोडायचे, रन दाबायचं. व्होइसफ्लो घ्या, बॉटप्रेस घ्या नाहीतर डायलॉगफ्लो सीएक्स, नावं वेगळी पण आत तेच, एक नोड (म्हणजे डबा), त्यातून निघणाऱ्या दोन-चार वाटा आणि प्रत्येक वाटेवर एक कंडिशन. माझाही फ्लो (बोलण्याचा आराखडा) एका दिवसात तयार झाला होता. मग खरी माणसं त्याच्याशी बोलायला लागली.

तो फ्लो वस्तू परत घ्यायचा होता. खरेदीला किती दिवस झाले ते विचारायचं, ७ दिवसांच्या आत असेल तर पैसे परत, ३० च्या आत असेल तर वस्तू बदलून, नाहीतर (कुठलीच कंडिशन खरी नसेल तेव्हाची ही वाट म्हणजे एल्स) सपोर्टच्या माणसाकडे. तीनच वाटा! मी ३० ची कंडिशन वर ठेवली आणि ७ ची खाली, जशी सुचली तशी. आता अशा नोडमध्ये कंडिशन सहसा वरून खाली तपासल्या जातात आणि जी पहिली खरी ठरेल तिकडे फ्लो वळतो, पुढचं बघतच नाही. तर ३ दिवसांपूर्वी वस्तू घेतलेला माणूसही ३० च्या आत बसतोच ना, तो गेला बदलून घ्यायच्या वाटेला. पैसे परतची वाट कॅनव्हासवर व्यवस्थित दिसत होती पण तिच्यावर एकही जण पोचला नाही, आणि एरर कुठेच नाही, त्यामुळे कळायला उशीर झाला. तेव्हापासून नेमकी कंडिशन वर, मोकळी खाली.

ते नीट केलं तर पुढचं निघालं. टाईप केलेलं उत्तर टेक्स्ट म्हणून सेव्ह होत होतं आणि मी तुलनेतले ७ आणि ३० पण टेक्स्टच टाकले होते. टेक्स्टची तुलना एकेक अक्षर धरून होते, म्हणजे १२ हे ७ पेक्षा लहान (१ आधी येतो म्हणून) आणि ९ हे ३० पेक्षा मोठं. १२ दिवसवाल्याला पैसे परत, ९ दिवसवाला सपोर्टकडे! मग नंबरमध्ये बदलून घेतलं, तिथेही जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या उत्तराचा नंबर ० होतो आणि ० तर ७ च्या आतच. आणि कोणी देवनागरी आकड्यांत १२ लिहिलं तर नंबर बनतच नाही, नॅन (म्हणजे 'नंबर नाही') येतं, त्याची लहान-मोठी कुठलीच तुलना खरी ठरत नाही, माणूस थेट एल्समध्ये.

म्हणून मी आता एल्स आधी बनवते, बाकी वाटा नंतर. आणि नवीन लोकांना कळकळीने सांगते, एल्स एक नसतो, दोन असतात. "४५ दिवस" हे उत्तर समजलंय पण नियमात बसत नाही, ते सपोर्टकडे जाऊ दे. "मागच्या महिन्यात कधीतरी" हे समजलेलंच नाही, त्याला परत विचारायला पाहिजे. मी दोघांना एकाच बाणावर सोडलं होतं. परत विचारताना किती वेळा विचारलं ते मोजणारं एक काउंटर व्हेरिएबल ठेवा, पहिल्यांदा वेगळ्या शब्दांत विचारा, दुसऱ्यांदा बटणं द्या, तिसऱ्यांदा माणसाकडे सोपवा, आणि उत्तर मिळालं की काउंटर ० करा नाहीतर तो पुढच्या प्रश्नाला तसाच चिकटून येतो. डायलॉगफ्लो सीएक्समध्ये यासाठी नो-मॅच १, नो-मॅच २ (उत्तर पहिल्यांदा, दुसऱ्यांदा समजलं नाही तर काय करायचं ते) असे वेगळे हँडलर मिळतात, ते वापराच.

बटणं दिली म्हणून लोक टाईप करायचे थांबत नाहीत, तीही वाट हवीच. व्हॉट्सअ‍ॅपवर रिप्लाय बटणं फक्त ३ आणि प्रत्येकावर २० च अक्षरं, जास्त पर्याय असतील तर लिस्ट, तिच्यात १० ओळी. हे आधी बघून घ्या, चौथा पर्याय मागाहून आला की तो नोड परत बांधावा लागतो.

फुटलेले फाटे परत एकत्रही आणा. ऑर्डर नंबर मी प्रत्येक वाटेवर वेगळा विचारत होते, मग एक वाक्य बदलायचं तर तीन ठिकाणी. आता कुठली वाट होती ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि सगळे बाण एकाच नोडवर आणते.

टेस्ट करताना ६, ७, ८, २९, ३०, ३१, रिकामं, आणि एखादं वाक्य, एवढं तरी टाकून बघा. मी ७ टाकलं तेव्हा लक्षात आलं की "७ च्या आत" मध्ये सातवा दिवस धरायचा की नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ज्यांनी नियम बनवला त्यांना जाऊन विचारलं. धरायचा होता.