मेकॅनिकल घड्याळाची सर्व्हिस करताय? या चुका टाळा

महागडं स्विस घड्याळ वापरून फारसं बिघडत नाही, ते बिघडतं उघडल्यावर. माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांत झिजलेली कमी आणि आधी कुणीतरी हात घातलेली जास्त असतात, आणि चुका बघाल तर त्याच त्याच, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

चावी न उतरवता पॅलेट काढणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती टाळायला अर्धं मिनिट पुरतं. चावी उतरवणं म्हणजे चावी देऊन भरलेली स्प्रिंग हळूहळू मोकळी करणं. मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) भरलेली असते तेव्हा तिची सगळी ताकद चाकांमधून येऊन पॅलेटपाशी, म्हणजे चाकं एकेक दात अडवून सोडणाऱ्या छोट्या लिव्हरपाशी, अडलेली असते. बॅलन्स (पुढेमागे झुलणारं चाक) काढला तरी ती तिथेच अडून राहते. घड्याळ गप्प झालं म्हणून नवख्याला वाटतं ताकद संपली, तो पॅलेटच्या ब्रिजचा (त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू सैल करतो आणि क्षणात सगळी चाकं सुसाट सुटतात. एस्केप व्हीलच्या (पॅलेटला लागून असलेल्या चाकाच्या) पिव्हटची, म्हणजे आसाच्या टोकाची, जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, ते काय टिकणार?

नाशिकहून एक मुलगा असंच घड्याळ घेऊन आला होता, आत व्हालजू ७७५० क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं), म्हणजे नवख्याने पहिल्या वर्षात हात लावू नये असं मशीन. सगळे पार्ट एकाच झिप बॅगेत, कुठला स्क्रू कुठला काही पत्ता नाही. मला म्हणाला, "काका, बॅलन्स काढला म्हणजे पॉवर गेलीच ना? नुसता किर्रर्र आवाज आला आणि सगळं थांबलं." लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून बघितलं तर एस्केप व्हीलचा वरचा पिव्हट तुटून ज्वेलच्या (पिव्हट ज्यात फिरतो त्या दगडाच्या) भोकात अडकलेला आणि पॅलेटचा एक दगड जागेवरून निघालेला. अशा मूव्हमेंटचे (आतल्या मशीनचे) ओरिजिनल पार्ट आता कंपनीबाहेरच्या कारागिराला सहज मिळत नाहीत, त्यामुळे पार्ट शोधण्यातच अख्खा पावसाळा गेला, आणि त्याने जो व्हिडिओ बघून हे केलं त्यात चावी उतरवायचा भागच फास्ट फॉरवर्ड केलेला होता. मुलगा हुशार होता, हातही स्थिर होता, फक्त घाई होती.

माझी सवय अशी. क्राउन (चावी द्यायचं बटण) दोन बोटांत घट्ट धरायचा, चावी देतो तसा किंचित पुढे घ्यायचा, लाकडी काडीने क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) बाजूला धरायचं आणि क्राउन बोटांतून हळूहळू मागे फिरू द्यायचा, सोडून द्यायचा नाही. बॅलन्स काढल्यावर काडीच्या टोकाने पॅलेट हलवून बघायचा. झटक्याने पलीकडे उडाला तर अजून ताकद आहे, ठेवला तिथे निवांत पडून राहिला तरच ब्रिजच्या स्क्रूला हात लावायचा. उतरवली हे नक्की आठवत असलं तरी मी हे बघतोच.

तेल जास्त घालणं

दुसरी माझी चीड आणणारी गोष्ट. लोकांना वाटतं तेल जास्त म्हणजे काळजी जास्त, पण घड्याळात तसं नसतं. जास्त झालेलं तेल आपल्या जागी थांबतच नाही, पसरतं आणि जिथे हवं तिथेच कोरडं पडतं, आणि पसरत पसरत हेअरस्प्रिंगवर (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) गेलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळायला लागतं. शिलाई मशीनचं तेल घातलेली घड्याळं बघितलीत मी, डब्ल्यूडी-४० मारलेलीसुद्धा. कृपा करून असं करू नका.

बॅलन्सच्या कॅप ज्वेलवर (पिव्हटचं टोक टेकतं त्या दगडावर) मोबियस ९०१० या पातळ तेलाचा एवढाच थेंब की तो दगडाच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश भागावर गोल बसेल, कडेला टेकता कामा नये. पॅलेटच्या पिव्हटला तेल अजिबात नाही, ते कोरडेच ठेवायचे, इथे दहातले आठ नवखे चुकतात. पॅलेटच्या दगडांना मात्र ९४१५ ग्रीस. ज्या चाकांवर जोर जास्त आणि वेग कमी तिथे घट्ट तेल. ऑटोमॅटिकच्या बॅरलच्या (मेनस्प्रिंगच्या डब्याच्या) आतल्या भिंतीला ८२१७ सारखं ब्रेकिंग ग्रीस, तिथे साधं गुळगुळीत ग्रीस लावलं तर स्प्रिंग पूर्ण भरायच्या आधीच घसरते आणि मग गिऱ्हाईक सांगत येतं की रात्री काढून ठेवलं तर सकाळी बंद असतं. आणि जुन्या तेलावर नवं तेल घालणं म्हणजे सर्व्हिस नव्हे. सगळं सुटं करून धुतल्याशिवाय तेलाची बाटली उघडूच नये.

आता बाकीच्या

घड्याळ अचानक दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे जायला लागलं तर लगेच रेग्युलेटर (वेग कमीजास्त करायची पट्टी) सरकवू नका. आधी कंपास जवळ धरा, सुई हलली तर मॅग्नेटिझम आहे. स्पीकर, मोबाईलचं मॅग्नेटवालं कव्हर, पर्सचं बटण, काहीही कारण असू शकतं. डीमॅग्नेटायझर चालू ठेवूनच घड्याळ लांब न्यायचं, जवळ असताना बटण सोडलं तर केलेलं वाया.

टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळ तपासणारं मशीन) घेतला आणि ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स किती अंश झुलतो तो आकडा) बघून खूश झालात, पण लिफ्ट अँगल (एका टिकटिकीत पॅलेटशी गुंतलेला असताना बॅलन्स फिरतो तो कोन) सेट केलात का? मशीनवर बहुतेक ५२ अंश असतो, ओमेगाच्या को-ॲक्सियल मूव्हमेंटला ३८ लागतो. न बदलता वाचलेला आकडा खोटा, तोही खूप चांगला दिसणारा खोटा.

रात्री ९ ते ३ च्या दरम्यान क्विकसेटने (काटे न फिरवता क्राउनने थेट) तारीख बदलू नका. आधी काटे फिरवून सहावर आणा.

स्टेम (क्राउनची दांडी) काढताना डिटेंट (ती सोडवायचा खटका) जोरात दाबू नका, कीलेस वर्क (चावी द्यायची आणि काटे फिरवायची यंत्रणा) सटकतं आणि मग काटे, डायल सगळं काढून बसा.

खाचेत नीट न बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. जुन्या मूव्हमेंटमध्ये क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याचदा उलट्या आट्यांचा असतो, फिरत नाही म्हणून जोर लावलात की डोकं तुटलंच.

बोटांना फिंगर कॉट (रबरी टोप्या) घाला, आपल्याकडच्या दमट हवेत घामाचा ठसा स्टीलवर गंजतोच.

केसला बफ मारून चकाचक करायचा मोह आवरा, लग्सच्या (पट्टा अडकतो त्या शिंगांच्या) धारा एकदा गेल्या की परत येत नाहीत.

पहिलं घड्याळ वडिलांचं ओमेगा नको. चावीवालं जुनं एचएमटी जनता घ्या, ते सुटं करा, जुळवा, चालू करा, पुन्हा सुटं करा, कंटाळा येईपर्यंत. ज्याला याचा कंटाळा पहिल्याच आठवड्यात येतो त्याने स्विस घड्याळ उघडू नये, हे मी तोंडावर सांगतो आणि काहींना ते आवडत नाही.

राहिलं पाणी. ३० मीटर लिहिलंय म्हणजे पोहायला चालतं असं नाही. केसबॅक (मागचं झाकण) उघडला की गॅस्केट (पाणी अडवणारी रिंग) नवीन टाकायचं, जुनं "अजून बरं दिसतंय" म्हणून बसवायचं नाही. बंद केल्यावर आधी हवेवर चालणारा ड्राय प्रेशर टेस्ट करा, त्यात पास झालं तरच पाण्यातली टेस्ट. आणि काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवून दोन दिवस वाट बघत बसू नका, त्याच दिवशी उघडून वाळवायला द्या, कारण काटे आणि स्टेम गंजायला वेळ लागत नाही.